जिल्ह्याच्या गावात संगीत नाटकाला प्रेक्षक कसा मिळवायचा

प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या गावातली हौशी संस्था आहे, नगरपालिकेचं सातशे खुर्च्यांचं नाट्यगृह आहे आणि 'संगीत सौभद्र'चे, म्हणजे किर्लोस्करांच्या अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाच्या नाटकाचे, तीन प्रयोग झाले आहेत. पहिल्याला नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक मिळून गर्दी होती. तिसऱ्याला जेमतेम दीडशे माणसं आली, तीही बहुतेक साठीच्या पुढची. गाणारे चांगले आहेत, साथ चांगली आहे. मग प्रेक्षक का टिकत नाही आणि गावाचा आधार कसा उभा करायचा?

गद्य नाटकाला मालिकेतला ओळखीचा चेहरा असला की तिकिटं जातात. संगीत नाटकाचं तसं नाही. इथे माणूस आधी कानावर पडलेलं पद, म्हणजे नाटकातलं गाणं, पुन्हा, रंगमंचावर, प्रसंगासकट ऐकायला येतो. ज्याने 'वद जाऊ कुणाला शरण' कधी ऐकलंच नाही त्याला तुमच्या फलकावरचं 'सौभद्र' हे नाव काहीच सांगत नाही. म्हणून प्रयोगाआधी तीन आठवडे केलेल्या जाहिरातीने फार तर आधीच्याच लोकांना तारीख कळते, नवा माणूस येत नाही. संगीत नाटकाचा प्रेक्षक तयार होतो तो ज्या दहा महिन्यांत तुमचा प्रयोग नसतो त्या काळात. तुमच्या संस्थेचं खरं काम तिथे आहे आणि बहुतेक संस्था नेमक्या त्याच काळात झोपलेल्या असतात.

सुरुवात दरमहा गाण्याच्या एका बैठकीपासून करा. वार आणि जागा ठरलेली हवी, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा, एखाद्या शाळेचा किंवा मंदिराचा हॉल. रत्नागिरीत खल्वायन या संस्थेने मासिक संगीत सभेचा असा नेम वर्षानुवर्षं चालवला आहे आणि त्या शहरात संगीत नाटकाचा कान असलेला श्रोता आहे, यात त्या नेमाचा मोठा वाटा आहे. बैठकीला खर्च फारसा नाही: दोन गायक, संवादिनी, तबला, दीड तास, शेवटी चहा. श्रोते वीस आले तरी पुढच्या महिन्याची तारीख बदलायची नाही. तारीख हलली की लोक विचारून येऊ लागतात आणि विचारून येणारा माणूस हळूहळू येईनासा होतो. प्रत्येक बैठकीत येत्या नाटकातली दोन-तीन पदं घ्याच, आणि पदाआधी दोन मिनिटं प्रसंग सांगा. सुभद्रा हे कोणाला उद्देशून म्हणते आहे, कृष्णाला खरं काय हवं आहे, एवढंच. व्याख्यान नको. सहा महिन्यांत ऐकणाऱ्यांना नाटक अर्धं पाठ होतं आणि उरलेलं अर्धं पाहायची ओढ लागते.

दुसरा मार्ग गाण्याच्या क्लासांतून जातो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं प्रत्येक जिल्ह्याच्या गावात आहेत, पण त्यातल्या बहुतेकांनी संगीत नाटक रंगमंचावर पाहिलेलं नसतं. त्यांच्यासाठी नाट्यपदांची स्पर्धा घ्या, अंतिम फेरी प्रयोगाच्या तीन आठवडे आधी. प्रवेश अर्जावर नाव आणि वयोगटाबरोबर 'कोणत्या सुरात गाणार' हा रकाना ठेवा, पेटीच्या पट्टीच्या नावाने: काळी एक, काळी चार, पांढरी पाच, जे असेल ते. हा रकाना नसेल तर प्रत्येक स्पर्धकामागे सूर शोधण्यात दोन मिनिटं जातात आणि चाळीस स्पर्धकांत मिळून सव्वा तास वाया जातो. एकाला पाच मिनिटं आणि ये-जा एक मिनिट धरली तर चाळीस जणांना चार तास पुरतात. संवादिनी आणि तबला संस्थेचा असावा, म्हणजे गरीब घरातलं मूलही अडत नाही. बक्षीस रोख न देता प्रयोगाची दोन तिकिटं आणि नांदीत, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या ईशस्तवनात, उभं राहण्याची संधी द्या.

नांदीचं हे प्रकरण हलकं समजू नका. नांदीला पाच नटांऐवजी वीसजण उभे करा: क्लासांतली मुलं, भजनी मंडळातल्या बायका, गाता येणारे दोन-चार शिक्षक. प्रत्येकाच्या घरून तीन माणसं आली तरी साठ खुर्च्या भरतात, आणि त्या लोकांना आपलं माणूस पहिल्या पाच मिनिटांत दिसून गेलं तरी ते पूर्ण नाटक बघतात. यात बिघडतं ते सुरामुळे. मुख्य नटाच्या सोयीने काळी एकमध्ये नांदी ठेवली तर बायका-मुलांचा आवाज खाली दबतो. बायका-मुलांना पांढरी पाचमध्ये चाल द्या आणि पुरुषांना तीच खालच्या सप्तकात. चार तालमी पुरतात, पण शेवटची नाट्यगृहात, ऑर्गनबरोबरच हवी.

गोव्यात गावोगावच्या देवळांच्या उत्सवात संगीत नाटक अजून होतं आणि मांडव भरतो. कारण साधं आहे, रंगमंचावर गावचीच माणसं असतात. शहरातल्या संस्थांनी हे घेण्यासारखं आहे. सुभद्रा आणि अर्जुन यांच्यासाठी दुहेरी संच बसवा. दोन सुभद्रा म्हणजे दोन कुटुंबं, दोन क्लास, दोन वस्त्यांमधले प्रेक्षक. शिवाय ऐनवेळी घसा बसला तर प्रयोग रद्द होत नाही. तालमी दीडपट लागतात आणि मानापमान होतं, ही किंमत आहे. दोघींना सारखेच प्रयोग आणि तारखा चिठ्ठी टाकून, हे पहिल्या तालमीलाच लिहून ठेवलं तर रुसवेफुगवे बरेच टळतात.

आता नाटकाच्या लांबीबद्दल. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त दोनशेच्या वर पदं होती, 'सौभद्रा'त शंभराच्या वर. प्रयोग रात्रभर चालत आणि लोक त्या तयारीने येत. आज रविवारी संध्याकाळी आलेल्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते. तेव्हा वीस पदं ठेवा. सरासरी साडेचार मिनिटं धरली तर नव्वद मिनिटं गाणं झालं. सत्तर मिनिटं गद्य, पंधरा मिनिटं मध्यंतर, म्हणजे पावणेतीन-तीन तास. पडदा सहाला वर गेला तर नऊला माणूस रस्त्यावर. वन्समोर आला तर फक्त अंतरा पुन्हा घ्यायचा, पूर्ण पद नाही, आणि एका अंकात एकच, हे गायक-साथीदारांत आधी ठरलेलं हवं. पदं कापताना केवळ गाजलेली ठेवली आणि कथा पुढे नेणाऱ्या साक्या-दिंड्या, म्हणजे छोट्या पद्यरचना, उडवल्या तर नाटकाची मैफल होते. नव्या प्रेक्षकाला मग काय चाललंय ते कळत नाही आणि तो दुसऱ्यांदा येत नाही. दोन-दोन ओळींच्या साक्या राहू द्या, त्यांना वेळ लागत नाही.

तरुण प्रेक्षकाची खरी अडचण शब्दांची आहे. संस्कृत वळणाची पदं ताना-आलापांत त्याच्या कानाला उलगडत नाहीत. जुन्या मंडळ्या पदांची पुस्तकं छापून विकत, ती याचसाठी. आज याला दुसराही उपाय आहे. टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने १९८३ साली गाण्याचा अर्थ रंगमंचाच्या वर पडद्यावर दाखवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून जगभरच्या ऑपेरागृहांत ती रीत झाली. तुम्हालाही एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि विंगेच्या वर सहा फुटांचं पांढरं कापड एवढ्यात जमतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. स्लाइड वेळ लावून आपोआप पुढे जाऊ देऊ नका, कारण गायक एक ओळ किती वेळा घोळवेल ते ठरलेलं नसतं. बटण दाबणारा माणूस पदं पाठ असलेलाच हवा. आलाप-तानेच्या वेळी पडदा कोरा ठेवा, नाहीतर लोक वाचत बसतात आणि ऐकायचं राहून जातं. काळी स्लाइड दाखवली तरी प्रोजेक्टरचा उजेड कापडावर राहतोच, अंधाराच्या प्रवेशात तो फार खुपतो. त्यासाठी भिंगासमोर धरायला पुठ्ठ्याचा तुकडा जवळ ठेवावा.

प्रेक्षक पुन्हा न येण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र ध्वनी असतं आणि संस्थेच्या कार्यकारिणीत त्याचा विषयही निघत नाही. तुमचा बहुतेक प्रेक्षक साठीपुढचा आहे, त्याला गद्य नीट ऐकू आलं नाही तर तो तक्रार करत नाही, फक्त पुढच्या वेळी घरी राहतो. ऑर्गनला आणि तबल्याला माईक देण्याआधी तो खरंच लागतो का ते पाहा. सातशे खुर्च्यांच्या सभागृहात ऑर्गनचा नैसर्गिक आवाज बऱ्याचदा पुरतो, आणि त्याला माईक दिला की गायक आवाज चढवतो, मग तबला वाढतो, शेवटी शब्द हरवतात. रंगीत तालमीला ध्वनिवाल्याच्या शेजारी न बसता बाल्कनीखालच्या मागच्या रांगेत बसून ऐका, सगळ्यात वाईट ऐकू येतं ते तिथे. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो. भरल्यावर माणसं, कपडे तो शोषून घेतात. म्हणून प्रयोगाला गद्याची पातळी तालमीपेक्षा किंचित वर ठेवावी लागते. कॉलर माईक घामाने मध्येच बंद पडतात. अर्जुनासाठी दुसरा माईक विंगेत तयार असावा, आणि समोरच्या कडेचे दोन-तीन माईक कायम चालू असावेत.

पैशाचा हिशेब उदाहरणादाखल असा मांडा. नाट्यगृह १५ हजार, ध्वनी-प्रकाश १८, नेपथ्य आणि रंगमंच कामगार १२, साथसंगत १२, रंगभूषा-वेशभूषा १४, प्रवास आणि जेवण १०, छपाई-जाहिरात ९. एकूण ९० हजार. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, प्रमाण साधारण असंच असतं. सरासरी दीडशे रुपयांची ३६० तिकिटं विकली, म्हणजे सभागृह अर्ध्याच्या वर भरलं, तरी ५४ हजारच येतात. छत्तीस हजारांची तूट राहते. तिकिटावर संगीत नाटक चालत नाही, हे आधीच मान्य करून तूट कुठून भरायची ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवावं. आश्रयावर अवलंबून राहण्यातला धोका जुनाच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. पटवर्धन वारल्यावर आधार सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन फिरावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. एकाच मोठ्या देणगीदारावर उभी असलेली संस्था त्याच्या एका नकारासरशी बसते.

म्हणून सभासद योजना. वर्षाला हजार रुपये, पाच कार्यक्रम: तुमचं नाटक, शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थेचं एक संगीत नाटक आणि तीन मोठ्या मैफली. दोनशे सभासद म्हणजे दोन लाख. खर्च: तुमचं नाटक ९० हजार, पाहुणं नाटक ६० हजार, मैफली प्रत्येकी १५ प्रमाणे ४५ हजार, एक लाख पंच्याण्णव. बाकीची तिकिटं आणि स्मरणिका ही शिल्लक. पाहुणं नाटक साठ हजारांत बसतं ते अदलाबदलीमुळे. त्यांचा प्रयोग तुमच्याकडे, तुमचा त्यांच्याकडे, मानधन कोणी कोणाला द्यायचं नाही, यजमानाने प्रवास, मुक्काम आणि नाट्यगृह बघायचं. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या मालकांनी 'संयुक्त मानापमान' एकत्र केलं होतं. आजच्या दोन हौशी संस्थांना एकमेकांचा अर्जुन उसना घ्यायला हरकत नसावी.

सभासदाला वर्षभर एकच ठरलेली खुर्ची द्या. जी-१४ ही आपली खुर्ची झाली की माणूस ती सोडत नाही, शेजारच्या खुर्चीतल्याशी ओळख होते आणि नूतनीकरण सोपं जातं. नूतनीकरणाचं टेबल वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात मांडायचं, खुर्ची ३१ मार्चपर्यंत राखून ठेवायची. घरोघर पावत्या घेऊन फिरण्यापेक्षा हे कितीतरी जास्त चालतं.

फुकट पास मात्र कठोरपणे आवरले पाहिजेत. सभागृह रिकामं दिसू नये म्हणून आदल्या दिवशी पन्नास-शंभर पास वाटले जातात. त्यातले निम्मे येत नाहीत, आणि ज्याने दीडशे रुपये मोजले त्याच्या शेजारी फुकट आलेला बसला की पुढच्या वेळी तो तिकीट काढत नाही, पासाची वाट बघतो. पासांची यादी लेखी, जास्तीत जास्त चाळीस नावांची, अध्यक्ष आणि कार्यवाह दोघांच्या सहीने. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी अडवल्या असतील तर दुसऱ्या घंटेला मोकळ्या करा. आणि सत्कार, भाषणं, दीपप्रज्वलन मिळून दहा मिनिटांच्या वर नको. तिसरी घंटा होऊन वीस मिनिटं भाषण ऐकलेला प्रेक्षक नांदीलाच थकलेला असतो. देणगीदारांचे आभार स्मरणिकेत आणि पडद्यावर नावं दाखवून मानता येतात.

गावाचा आधार म्हणजे फक्त रोख नव्हे. नेमक्या वस्तूसाठी मागितलेली मदत लवकर मिळते. 'संस्थेला सहकार्य करा' म्हटलं की दुकानदार पाचशे एक देतो. 'रुक्मिणीचा शालू', 'दोन्ही प्रयोगांचं जेवण', 'ऑर्गनची दुरुस्ती' म्हटलं की तोच माणूस ते काम आपलं म्हणून घेतो. ऑर्गनचंच घ्या. भात्याचं चामडं चिरतं, पायपट्ट्या झिजतात, सुरांत धूळ बसते, पावसाळ्यात पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. दुरुस्त करणारे कारागीर थोडे राहिले आहेत आणि त्यांना आणण्याचा खर्चच मोठा असतो. दुरुस्तीला मदत करणाऱ्याला भाता उघडलेला असताना बोलवा, आत काय असतं ते दाखवा. तो माणूस पुढच्या प्रयोगाला दहाजणांना घेऊन येईल. दुरुस्तीनंतर वाद्य कोरड्या जागी ठेवून आठवड्यातून अर्धा तास वाजवलंच पाहिजे, बंद ठेवलेला ऑर्गन वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडतो. त्याच वेळी संवादिनी वाजवणारा एखादा विद्यार्थी ऑर्गनवर तयार करा. दोन्ही पायांनी भाता एकसारखा चालवणं आणि सूर न तोडता बोटं बदलणं या दोन गोष्टींना त्याला वेळ लागतो, पण साथीदार बाहेरून आणावा लागला की प्रत्येक तालीम महाग पडते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे नोंदवही. तिकीट घेणाऱ्याचं नाव, फोन, वस्ती आणि 'कुणाकडून कळलं' हे चार रकाने. प्रयोगानंतर आठवड्याभरात मोजा: आधी आलेले किती, नवे किती, कोणत्या वस्तीतून कोणीच नाही. ज्या वस्तीतून कोणी नाही तिथल्या गणेशमंडळाशी मे-जूनमध्येच बोला आणि गणेशोत्सवात पाऊण तासाचा पदांचा कार्यक्रम करा. उत्सवाच्या दिवसांत स्वतःचा पूर्ण प्रयोग लावू नका, त्या दहा दिवसांत गाव रिकामं नसतं. फोनवरून निरोप पाठवताना महिन्याला दोनच, एक बैठकीचा आणि एक नाटकाचा. रोज शुभेच्छा पाठवणाऱ्या संस्थेचा निरोप न वाचताच पुढे सरकवला जातो.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या संगीत नाट्यस्पर्धेत उतरत असाल तर नेपथ्य, वेशभूषा, तालीम सगळं तेव्हा तयार असतं. स्पर्धेनंतर तीन आठवड्यांच्या आत गावात सभासदांसाठीचा प्रयोग लावा, खर्च बराच खाली येतो. स्पर्धेला आलेली गर्दी मात्र आपला प्रेक्षक म्हणून मोजू नका, तिच्यात इतर संस्थांचे कलाकार बरेच असतात.

कागदपत्रांत दोन-तीन गोष्टी अडतात. संस्था नोंदणीकृत असेल आणि आयकर खात्याची ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल तरच देणगीदाराला आयकरात सवलत मिळते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. धनादेशाने किंवा बँकेतून घ्या. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत पारंपरिक कलांचं संवर्धन बसतं, पण त्यासाठी असा निधी घेण्याची संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आधी लागते. तिकीट पाचशेपर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे काटछाट केलेलीच संहिता द्या, मूळ छापील पुस्तक नव्हे.

आणि पुढचं नाटक निवडताना हक्कांचा विचार आधी करा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटकं मोकळी आहेत. 'कट्यार काळजात घुसली', 'मत्स्यगंधा', 'पंडितराज जगन्नाथ' यांना लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी लागते, संगीताचा प्रश्न त्याहून वेगळा. ती हातात आल्याशिवाय बैठकींत पदं सुरू करू नका, कारण गावाला एकदा 'कट्यार' येतंय असं कळलं आणि ते आलं नाही, तर पुढच्या वर्षी सभासदांच्या यादीत त्याची वजाबाकी दिसते. दुसऱ्या वर्षी 'शारदा' घ्या. गद्य चांगलं आहे, पात्रं भरपूर आहेत, पदं तुलनेने सोपी आहेत आणि विषय आजच्या मुलीलाही समजतो. 'मानापमान'ला दोन पक्के गायक लागतात, ते तिसऱ्या वर्षापर्यंत नांदीतल्याच मुलांतून तयार करता आले तर उत्तम.